पदराआडचं तोंड

नाव विचारायच्या आधी त्यानं माझं नाक विचारलं. मी तेव्हा सोलापुरात नवा होतो. एका गिरणीच्या हापिसात कारकुनी लागली होती, आणि साखर पेठेत कुणा पेंटरला खोलीत जोडीदार हवाय असं कळलं म्हणून गेलो होतो. दार उघडलं ते उघड्या अंगाच्या, पोटावर निळीचे डाग पडलेल्या एका हडकुळ्या पोरानं. पोरगाच म्हणायचा, माझ्याच वयाचा होता. माणसाला वरपासून खालपर्यंत बघतात तसं त्यानं काही बघितलं नाही. सरळ नाकाशी थांबला.

"हे नाक कुणाचं?"

"माझं."

"ते दिसतंय की. आलं कुणाकडनं? आईकडनं का बापाकडनं?"

"मी खोलीचं बघायला आलोय," मी म्हणालो.

"खोली कुठं पळून चाललीय? नाकाचं सांग आधी."

आईकडनं आलंय, म्हणालो. त्यावर तो इतका खूश झाला की माझी वळकटी स्वतः उचलून आत नेली. पुढं कितीतरी वर्षं मी त्या खोलीत काढली, आणि 'उद्या दुसरीकडं बघतो' असं दर महिन्याला म्हणत राहिलो. माणूस होताच तसा. सहन होत नसे आणि सोडवतही नसे.

खोलीच्या एका भिंतीवर खिळ्यांना अडकवलेले कागदच कागद होते. नाकं, कान, भुवया, हनुवट्या. अख्खं माणूस एकही नाही. पहिल्या दिवशी सकाळी डोळे उघडले तर समोर सगळे कानच. मी 'अगं आई गं' म्हणून उठून बसलो, तर हा चुलीपाशी बसून हसतोय. भाकरी थापता थापतासुद्धा पिठावर बोटानं कुणाची तरी हनुवटी काढायचा. तोवर तव्यावरची भाकरी करपायची. करपलेली माझ्या ताटात टाकायचा आणि वर म्हणायचा, "तुला कडक आवडते ना?" मला कधीच कडक आवडली नाही.

पोटासाठी तो काय वाटेल ते करी. दुकानांच्या पाट्या, नाटकमंडळींचे पडदे, आगपेट्यांवरचे छाप, चादरींची आणि लुगड्यांच्या काठांची नक्षी. चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन भरत बसला की त्याला हाक मारून उपयोग नसे. एक जुना लाकडी कॅमेराही होता, तीन पायांवर उभा राहणारा. फोटो काढल्यानं आयुष्य कमी होतं असं तेव्हा लोक मानायचे. म्हणून जिवंतपणी कुणी काढून घेत नसे, आणि माणूस गेलं की मात्र फोटोवाल्याकडं धावपळ. मयताला भिंतीला टेकवून बसवायचं, फोटो काढायचा, आणि मग त्या फोटोवर ब्रशानं उघडे डोळे रंगवायचे, अशी रीत होती. हा फोटो काढायचा, पण डोळे रंगवायचा नाही. "कसे होते ते मला काय ठाऊक? जिवंत होते तेव्हा का नाही बोलावलंत?" असं म्हणून घरच्यांवरच डाफरायचा. घरात मयत, बायकांचा आकांत, आणि हा दारात भांडतोय! मीच दंडाला धरून ओढत आणायचो. येताना रस्त्यात म्हणायचा, "खोटे डोळे लावून दिले तर त्यांची पोरं जन्मभर दुसऱ्याच माणसाकडं बघत बसतील, गड्या."

हे सगळं वेड कुठून आलं ते मला बऱ्याच उशिरा कळलं. त्याच्या ट्रंकेत, धोतराच्या घडीत एक फोटो होता. गाव त्याचं करकंब. तिथं त्याच्या वडिलांचं बाजारात धान्याचं दुकान, त्यालाच लागून मागं घर, घर मोठं, माणसं पुष्कळ. तो लहान असताना एक फिरता फोटोवाला गावात आला आणि आजोबांनी हौसेनं सगळ्यांना अंगणात बसवलं. फोटोत आजोबा आहेत, चुलते आहेत, बाप आहे, आणि एका बाईच्या मांडीवर टोपडं घातलेला हा आहे. ती बाई त्याची आई. आयुष्य कमी होईल म्हणून तिनं ऐन वेळी पदर ओढून घेतला. फोटोत तिचं तोंड नाही. पदर आहे, पदराचा काठ आहे, आणि त्याच्या पोटाशी तिचा हात आहे.

पुढं गावात प्लेग आला. लोक गावाबाहेर झोपड्या टाकून राहिले. तिला गाठ आली तशी वेगळ्या झोपडीत ठेवली आणि ती तिथंच गेली. जवळ कुणी गेलं नाही. जायचंच नाही असं तेव्हा असे. ह्याला चुलतीनं दुसऱ्या गावी नेलं होतं. परत आला तेव्हा आई नव्हती, आणि थोड्या दिवसांनी ती कशी दिसायची तेही आठवेना.

"एवढं बघितलेलं तोंड," तो म्हणायचा, "आणि माझ्या डोक्यात नाही. नाकं-कान सगळ्या जगाचे आहेत, तिचंच नाही."

म्हणून तो ते गोळा करत होता. तिच्या माहेरच्यांना गाठायचं, कुणाचा कोणता अवयव तिच्यावर गेलाय ते विचारायचं, आणि कागदावर उतरवून आणायचं. एकदा अक्कलकोटच्या बाजूला त्याच्या मावशीकडं मलाही घेऊन गेला. म्हातारी ओसरीवर शेंगा फोडत बसली होती.

"मावशी, आई कशी होती गं दिसायला?"

"दिसायला लई चांगली हुती बघ," मावशी म्हणाली.

"नाक सांग, नाक!"

"नाक चांगलं हुतं की."

"आणि डोळे?"

"ते बी चांगलेच की रं. काय वाईट हुतं तिचं?"

त्यानं कपाळावर हात मारून घेतला. सगळीकडं त्याला हेच उत्तर मिळायचं. दिसायला चांगली होती. "चांगली म्हणजे काय?" तो चिडून मला विचारायचा, जणू मीच सांगितलंय. "चांगलं काय काढून दाखवू मी? चांगल्याला काय आकार असतो?" पण त्या दिवशी मावशी निघता निघता म्हणाली, की आमच्या दोघींचं कपाळ एकावानी एक हाय असं समदे म्हणायचे. झालं! हा पुन्हा बसला. आमची गाडी चुकली, आणि मावशीचं कपाळ घेऊन आम्ही दुसऱ्या दिवशी परतलो.

ज्याला सगळ्यात जास्त ठाऊक असायला हवं तो बाप मात्र काही सांगत नव्हता. शाळेत असताना ह्यानं एकदाच विचारलं होतं. बाप दुकानात जोंधळे मापत होता. त्यानं मापटं खाली ठेवलं, पायात वहाणा सरकवल्या आणि तोंडातनं एक शब्द न काढता बाहेर निघून गेला. ह्यानं ते मनात धरलं. "दुसरी आली, पहिली पुसली," एवढंच म्हणायचा बापाबद्दल. घरी जाणंयेणं तुटल्यासारखंच होतं. पण हट्ट बघा कसा, पारख करायची ती बापानंच. "मी चित्र पुरं करणार," तो म्हणायचा. "अण्णांना त्याच्यासमोर उभं करणार. ते 'हीच ती' म्हणाले की झालं. मग मी काही विचारणार नाही कुणाला."

फोटोतल्या पदराचा काठ तेवढा त्याला खरा मिळाला होता. भिंगातनं बघून त्यानं तो चौकटीच्या कागदावर उतरवला आणि आमच्याच बोळात राहणाऱ्या एका तेलुगू मागवाल्या मालकाला दिला. मालकानं लुगडी विणली. ती इतकी चालली की बाजारात दर चौथी बाई तो काठ नेसलेली. हा एकदा मंगळवार बाजारात मेथी घेता घेता थांबला. पुढं एक बाई पाठमोरी चालली होती, डोक्यावर तोच पदर. जुडी हातात तशीच धरून हा बघत राहिला. बाई वळली तसा म्हणाला, "चल घरी."

त्या मालकानं खूश होऊन त्याला मागाच्या शेडची भिंत दिली. बोळातल्या नळासमोरची, चांगली लांबरुंद, चुन्यानं घोटलेली. हा म्हणाला, ह्या भिंतीवर आई. उन्हाळाभर गिरणीचा भोंगा व्हायच्या आधीच तिथं जाऊन बसे. काव, पिवडी, नीळ, काजळी, सगळं डिंकाच्या पाण्यात कालवून. जात्यावर दळणारी बाई, एक पाय दुमडलेला, एक लांब पसरलेला, डोक्यावर तो काठ. नळावरच्या बायका घागरी भरता भरता सल्ले द्यायच्या. भिंतीच्या टोकाशी, कोपऱ्यात गेलेला तो पसरलेला पाय त्यानं एका बैठकीत काढून टाकला. मी बघितलं तर करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली.

"पाय बिघडला की रे तुझा," मी म्हणालो.

"बिघडला नाही. असाच होता."

"हे कुणी सांगितलं? मावशीनं?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे? मी तिथंच तर खेळायचो, जात्यापाशी," असं म्हणून तो तोंडाकडं वळला. पायाचं त्याला काही विशेष वाटलं नव्हतं.

तोंडाला मात्र उन्हाळा पुरला नाही. खोलीतले कागद घेऊन यायचा, काढायचा, ओल्या फडक्यानं पुसायचा. आणि एका सकाळी ते जमलं. मी नळावर तोंड धुवायला गेलो होतो, वर बघितलं आणि चूळ भरायची विसरलो. ती बाई दळता दळता कुणीतरी हाक मारली म्हणून वर बघत होती. अहो, खरंच बघत होती! मी म्हणालो, "आजच्या आज अण्णांना निरोप धाड."

"थांब. हनुवटी अजून मावशीची वाटतेय."

"लेका, हनुवटी कसली घेऊन बसलास! आणि निदान फोटो तरी काढून ठेव."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी काहीतरी अभद्र बोललोय. "तिनं नको म्हटलंय ना फोटोला," तो म्हणाला. "मग?"

हनुवटीत आणखी बरेच दिवस गेले. ती मनासारखी झाली तेव्हा त्यानं करकंबच्या एका ओळखीच्या माणसाबरोबर निरोप धाडला. आणि त्याच आठवड्यात शहरात पटकीची साथ आली. पेठेत रोज रडारड ऐकू यायला लागली. बाहेरगावचं कुणी सोलापुरात पाऊल टाकेना, मग अण्णा कुठले येतात?

आमच्या बोळात मात्र कुणी दगावलं नाही. का नाही, ते देव जाणे. पण बायकांनी ठरवलं, नळावरची ही दळणारी बाई राखण करतेय. सुरुवात केली ती शेजारच्या तेलुगू म्हातारीनं. सगळे तिला अव्वा म्हणत. तिनं एक दिवस भिंतीपुढं दिवा लावला आणि चित्राच्या कपाळाला हळदकुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी बोळातल्या सगळ्या बायका. मग पलीकडच्या बोळातल्या. हळद, कुंकू, तेलाचे हात, कापराचा धूर. येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी मिळावं म्हणून कोपऱ्यात एक रांजणही आणून ठेवला. रंग नुसत्या डिंकावर धरलेला, तो किती दिवस टिकणार? आधी भुवया गेल्या.

मी त्याला म्हणालो, "अरे, अडव की त्यांना!" एकदा तो गेला, नाही असं नाही. मी बरोबर होतो.

"अव्वा, ही देवी नाही गं. माझी आई आहे."

"आई तर आई," अव्वा म्हणाली. "आमची बी आईच. आमच्या लेकरांना राखलं तिनं. तुज्या येकट्याची कशी?" आणि बोटावरचं कुंकू तिनं त्याच्यासमोर चित्राच्या कपाळाला फासलं.

तो परत आला. मी चिडलो होतो. म्हणालो, "मालकाला सांगू, कुंपण घालून घेऊ." तो चुलीपाशी बसला होता. म्हणाला, "मरताना तिच्याजवळ कुणी गेलं नव्हतं. आता बायका रांग लावून येतायत, तोंडावरनं हात फिरवतायत. मी कुठल्या तोंडानं अडवू?"

त्यानं खोलीत बसून ते तोंड पुन्हा काढायचा प्रयत्न केला. कपाळ मावशीचं, नाक मामाचं, सगळे अवयव होते, सगळे जागच्या जागी बसायचे, आणि बाई दुसरीच निघायची. कागद फाडायचा, पुन्हा बसायचा. तिकडं भिंतीवर रोज थोडं थोडं जात होतं.

अण्णा आले ते दिवाळीनंतर, पटकी निवाल्यावर. दुकानाचा माल घ्यायला आलो होतो, म्हणाले. उंच माणूस, डोक्याला पटका, खांद्यावर उपरणं, बोलणं मोजकं. हा त्यांना घेऊन भिंतीसमोर गेला आणि मीही मागून गेलो. तोंडाच्या जागी कुंकवाचा जाड थर होता, त्यावर तेल, तेलावर काजळी. जात्यावरचा हात होता, पदराचा काठ थोडा होता. मधे सगळं लाल.

"डोळे हितं होते," हा कुंकवावर बोट ठेवून सांगायला लागला. "असे वर बघणारे. हनुवटी अशी, जरा निमुळती. नाक मामावरनं घेतलं होतं. बरोबर ना? मामासारखंच होतं ना?" अण्णा बघत होते. त्यानं आवाज चढवला. "अण्णा, बोला की! तुम्हाला तर ठाऊक असेल!"

"तहान लागलीय," अण्णा म्हणाले.

मला त्या माणसाचा असा राग आला! पोरगा एवढा जीव तोडून विचारतोय, आणि ह्यांना तहान. ते कोपऱ्यात रांजणाकडं गेले, वाकून तांब्या बुडवला, आणि वाकलेलेच राहिले. मग तांब्या खाली ठेवला. दोन्ही हातांनी रांजण धरून बाजूला सरकवला आणि तिथंच ओल्यात उकिडवे बसले. रांजणामागं तो पसरलेला पाय होता, जोडव्यांसकट, कुणाचंही बोट न लागलेला.

"ही करंगळी कुणी सांगितली तुला?"

"कुणी नाही. मला ठाऊक होती."

"हीच ती," अण्णा म्हणाले.

हा गोंधळला. "पायावरनं म्हणताय?"

"मग कशावरनं म्हणू? तिचं तोंड म्या नीट बघितलंच कुटं रं?" ते पायाकडंच बघत बोलत होते. "घरात माणूस किती. वडीलधाऱ्यांच्या देखत बायकूकडं बघायची सोय न्हवती. रातीला दिवा मालवल्याला. दुकानातनं माजघराचं दार थोडं उघडं असायचं, तितनं जात्यावरचा ह्यो पाय दिसायचा. त्योच बघत मापं टाकायचो. तू इचारलंस तवा काय सांगणार हुतो? पोराला म्हणू, तुज्या आईचं तोंड मला ठाव न्हाय? लाज वाटली. उठलो."

नळावर एक बाई घागर घेऊन आली होती, ती न भरता तशीच थांबली. हा बापाशेजारी बसला. इतकी वर्षं उरात धरलेला राग कुठं ठेवावा ते त्याला कळत नव्हतं, आणि मला तर माझ्या मघाच्या रागाची लाज वाटायला लागली. मग तो एकदम उठला, धावत खोलीवर गेला आणि कॅमेरा घेऊन आला.

"तिला चालायचं न्हाय," अण्णा म्हणाले.

"तोंड नाही त्यात," हा म्हणाला.

अण्णांनी थोडा विचार केला आणि पायाशेजारी मांडी घालून बसले. ह्यानं काळ्या कापडात डोकं घातलं, काच लावली, "हलू नका" म्हणून सांगितलं आणि भिंगावरचं टोपण काढलं. त्याच क्षणी अण्णांचे खांदे हलायला लागले आणि त्यांनी उपरणं ओढून तोंडावर घेतलं. थांबा, असं तो म्हणाला नाही. ओठ हलवत आकडे मोजत राहिला आणि मग टोपण बसवलं.

त्यानंतर खोलीतले नाकाकानांचे कागद त्यानं भिंतीवरनं काढून चुलीला लावले. नव्या माणसाला नाव विचारायला लागला. मला ते बघवेना. हवं ते मिळालं होतं म्हणावं तर मिळालं होतं, बाप 'हीच ती' म्हणाला होता. पण ज्या तोंडासाठी तो सगळी तरुण वर्षं वणवण हिंडला, त्याची पारख करणारं जगात कुणी नव्हतंच, आणि जे खरं होतं ते त्यानं कुणालाही न विचारता एका बैठकीत काढून टाकलं होतं. पुढं तो एका नाटकमंडळीबरोबर पडदे रंगवायला गेला. महाल, बागा, नदीकाठ. माणूस काढत नाही म्हणे. मग वऱ्हाडात कुठंतरी तापानं गेल्याचं उडत उडत कानावर आलं. सोलापूर सोडताना त्यानं त्या पायाच्या फोटोची एक प्रत मला दिली होती.

अजून ती माझ्याकडं आहे. नळ गेला, शेड पाडली, तिथं आता दुकानं झालीत. परवा कपाट आवरताना सुनेला फोटो सापडला. उपरण्याआड तोंड घेतलेला माणूस आणि भिंतीवरचा पाय बघून तिला नवल वाटलं, म्हणून मी तिला ही सगळी हकिगत सांगितली. ऐकता ऐकता तिचे डोळे भरले.

"मामंजी," ती म्हणाली, "त्या भिंतीवरचं तोंड पुरं झालेलं तुम्ही रोज बघत होता की. कशा दिसत होत्या हो त्या?"

मी डोळे मिटले. नळ आठवला, घागरी आठवल्या, पदराचा काठ आठवला. ती वर बघत होती एवढं आठवलं. नाक आठवेना. हनुवटी, जिच्यापायी एवढा उशीर झाला, तीही आठवेना. पोरगी उत्तराची वाट बघत उभी होती.

"दिसायला चांगली होती," मी म्हणालो.